‘परम’ एकट्याने घडवला नाही : वऱ्हाडाने विसरलेली पदव्यांची वंशावळ

बारावीचे निकाल लागले की मोर्शी, वरुड, चांदूर बाजार या पट्ट्यातील व्हॉट्सअॅप गटांवर एक चित्र हमखास फिरू लागते. एका बाजूला डॉ. विजय भटकर, दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा झेंडा. खाली मजकूर असा, की अमेरिकेने भारताला महासंगणक नाकारला, तेव्हा वऱ्हाडातल्या एका खेड्यातील मुलाने तीन वर्षांत स्वतःचा महासंगणक उभारून महासत्तेची जिरवली. शेवटी ठरलेला उपदेश : परिस्थितीला दोष देऊ नका, जिद्द असेल तर सारे शक्य आहे.

हा धागा त्या चित्राविरुद्ध आहे. भटकरांविरुद्ध मुळीच नाही. उलट त्या चित्राने भटकरांवर आणि वऱ्हाडावर जो अन्याय केला आहे, तो कागदोपत्री नोंदींवरून दाखवणे एवढेच येथे करायचे आहे. त्यासाठी पुरावा म्हणून घेतली आहे ती एक अगदी रुक्ष गोष्ट : कोण कुठे शिकला.

प्रथम दंतकथेतील खरा भाग मान्य करून टाकू. भटकरांचा जन्म १९४६ सालचा, अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावचा. १९८८ च्या मार्च महिन्यात पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली, तिची सूत्रे त्यांच्याकडे होती. तीन वर्षांची मुदत होती आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ लोकांपुढे आला. इतके सगळे खरे आहे.

आता उरलेले. अमेरिकेने ‘नाकारला’ हे अर्धसत्य आहे. क्रे कंपनीचे अधिक शक्तिशाली यंत्र नाकारले गेले, कारण अण्वस्त्रांच्या गणितासाठी त्याचा वापर होईल अशी शंका होती. पण हवामानाच्या अंदाजासाठी कमी क्षमतेचे ‘एक्स-एमपी’ अटी घालून विकले गेले आणि ते दिल्लीत बसलेही. ‘परम’ हा ‘जगातील दुसऱ्या क्रमांकाचा वेगवान संगणक’ होता, हे तर निखालस चूक. २५६ प्रोसेसर जोडले तरी त्याची कमाल क्षमता सेकंदाला सुमारे एक अब्ज गणिती क्रियांच्या घरात जाई. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात कॅलटेक येथे बसलेल्या इंटेलच्या ‘टचस्टोन डेल्टा’ची क्षमता त्याच्या कितीतरी पट होती. आणि ‘संपूर्ण स्वदेशी’ म्हणायचे तर ‘परम’मधला प्रोसेसर, ज्याला ट्रान्सप्युटर म्हणत, तो ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचा होता. (ही इनमॉसही १९७८ मध्ये ब्रिटिश सरकारच्या पैशाने उभी राहिली होती. खासगी उद्यमशीलतेची गोडवी गाणाऱ्यांनी हे कंसातले वाक्य दोनदा वाचावे.)

मग ‘परम’मध्ये मोठे काय होते? बाजारात मिळणारे साधे प्रोसेसर एकमेकांना जोडून त्यांच्याकडून एकाच वेळी एकच मोठे गणित करवून घेणे, हे त्या काळी जगालाच नीट साधलेले नव्हते. काम वाटायचे कसे, प्रोसेसरांनी एकमेकांशी बोलायचे कसे, एकाचे उत्तर येईपर्यंत दुसऱ्याने रिकामे बसू नये यासाठी आज्ञावली लिहायची कशी, हे प्रश्न होते. ते सोडवायला मनगटात जोर असून भागत नाही. विद्युत अभियांत्रिकी, गणित आणि संगणकशास्त्र यांत अनेक वर्षे मुरलेली बरीच माणसे एका ठिकाणी असावी लागतात. ती माणसे १९८८ मध्ये आकाशातून पडली नाहीत. ती आली कुठून, हा इतिहासाचा प्रश्न आहे आणि फिरत्या चित्रात नेमका तोच नाही.

एक टोक वऱ्हाडात धरू. १९५० च्या आसपास मोर्शी किंवा मूर्तिजापूरच्या एखाद्या मुलाला इंजिनियर व्हायचे असेल तर त्याच्यापुढे वाट कोणती होती? पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ पासूनचे आणि मुंबईची व्हीजेटीआय १८८७ ची. पण ती दुसऱ्या प्रांतात. वऱ्हाड त्या वेळी मध्य प्रांतात, म्हणजे पुढच्या जुन्या मध्य प्रदेशात होता. त्या प्रांताचे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले ते १९४७ मध्ये, जबलपूरला. नागपुरात दानशूर लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून उभी राहिलेली तंत्रशाळा होती, पण ती रसायनशास्त्राची. विजेचे उच्च शिक्षण घ्यायचे तर सातपुडा ओलांडून जबलपूर गाठणे किंवा बनारसला जाणे, हेच हाती होते.

यात पहिली फट पडली ती जुलै १९५६ मध्ये. नागपूर अजून जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते, राज्यपुनर्रचना चारच महिन्यांवर होती, आणि तेथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. १ नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि जबलपूर पलीकडे राहिले. ते महाविद्यालय निघाले नसते तर विदर्भाच्या वाट्याला त्या दिवशी अभियांत्रिकीचे एकही पदवी महाविद्यालय आले नसते. पुढे दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत केंद्र आणि राज्य यांनी मिळून प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालये काढायचे ठरवले. त्यांतील एक नागपूरला आले आणि जून १९६० मध्ये, महाराष्ट्र राज्य जन्मल्यावर महिन्याभराने, जुने शासकीय महाविद्यालय त्यात विलीन झाले. हेच विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय, आजचे व्हीएनआयटी. निम्म्या जागा राज्यातील मुलांसाठी, निम्म्या देशातील इतर मुलांसाठी.

विजय भटकरांची अभियांत्रिकी पदवी १९६५ ची आहे आणि ती याच महाविद्यालयाची आहे. या दोन तारखा शेजारी ठेवल्या, की चित्रातला चमत्कार विरघळू लागतो. ते दहा वर्षे आधी जन्मले असते तर हीच बुद्धी आणि हीच जिद्द जबलपूर-बनारसच्या भाड्यात अडकण्याची शक्यता किती होती, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

पदवीनंतर ते बडोद्याला गेले. सयाजीराव विद्यापीठातून १९६८ मध्ये त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली. तेथील तंत्रविद्या शाखा ही सयाजीराव गायकवाडांच्या काळात, १८९० मध्ये निघालेल्या कलाभवनाची वारस. हे तेच कलाभवन जेथे दादासाहेब फाळके शिकले. त्यानंतर दिल्लीची आयआयटी, डॉक्टरेट १९७२. म्हणजे तीन पदव्या, तीन शहरे, तिन्ही संस्था सार्वजनिक पैशाच्या, आणि एकही परदेशातील नाही. ‘बाहेर गेल्याशिवाय काही होत नाही’ असे मोर्शीच्या मुलांना सांगणाऱ्यांनी हा तपशील मुद्दाम लक्षात ठेवावा. पुढे तिरुवनंतपुरमच्या इलेक्ट्रॉनिक्स संशोधन केंद्राचे संचालक म्हणून त्यांनी काम केले, तेही सरकारीच. ‘सी-डॅक’ची सूत्रे हाती आली तेव्हा पदवीला तेवीस वर्षे झाली होती. चित्रात मात्र खेड्यातून निघालेला मुलगा थेट महासंगणकापाशी पोहोचतो; मधली तेवीस वर्षे आणि चार संस्था गिळून टाकल्या आहेत.

आता दुसरे टोक. ते धारवाडला सुरू होते.

पुरुषोत्तम काशिनाथ केळकर यांचा जन्म १९०९ चा. ज्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ते पुढे शिकले तिच्या स्थापनेचे वर्षही हेच, हा निव्वळ योगायोग. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९३१ मध्ये पदार्थविज्ञानाची पदवी, १९३४ मध्ये बंगळुरूहून विद्युत तंत्रविद्येची पदविका, १९३७ मध्ये लिव्हरपूलची डॉक्टरेट. परत आल्यावर काही वर्षे बंगळुरूला अध्यापन केले आणि १९४३ पासून व्हीजेटीआयमध्ये विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक व विभागप्रमुख झाले. १९५६ मध्ये मुंबई आयआयटीच्या उभारणीचे नियोजन अधिकारी आणि १९५९ अखेर कानपूर आयआयटीचे पहिले संचालक. महाराष्ट्रात या माणसाचे नाव किती तरुणांना ठाऊक आहे? कानपूरच्या ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे. आपल्याकडे त्यांचे चित्र कोणी फिरवत नाही, कारण त्यांच्या आयुष्यात कोणाची जिरवल्याचा प्रसंग नाही. त्यांनी माणसे नेमली, अभ्यासक्रम बदलले, यंत्रे मागवली. असल्या गोष्टींवर भावगीत होत नाही.

केळकरांनी कानपूरला जमवलेल्या चमूत विद्युत अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख म्हणून एच. के. केशवन आले. ते अमेरिकेत डॉक्टरेट केलेले होते. ऑगस्ट १९६३ मध्ये तेथे आयबीएम १६२० हा संगणक आला आणि संगणक केंद्राची जबाबदारीही केशवन यांनी उचलली. त्याच वर्षी व्ही. राजारामन रुजू झाले. त्यांचा शिक्षणप्रवास पाहण्यासारखा आहे : दिल्लीत पदार्थविज्ञान, १९५५ मध्ये बंगळुरूची विद्युत विषयातील पदविका, मग एमआयटी, मग १९६१ मध्ये विस्कॉन्सिनची डॉक्टरेट. केळकर आणि राजारामन यांच्यात एका पिढीचे अंतर आहे, पण वाट तीच : पदार्थविज्ञानातून विजेकडे, बंगळुरूहून परदेशात आणि परदेशातून परत. भटकरांच्या वेळी तो वळसा घ्यावा लागला नाही. दोन पिढ्यांच्या अध्यापकांनी मधले रस्ते बांधून ठेवले होते.

येथे एक आक्षेप रास्त आहे. केळकर, केशवन, राजारामन हे तिघेही परदेशी पदवीचे. मग सार्वजनिक भारतीय शिक्षणाचा मोठेपणा कशाला? उत्तर त्यांच्या परतीत आहे. ते परतले तेव्हा त्यांच्यासाठी पद होते, विभाग होता, विद्यार्थी होते. १९३७ मध्ये लिव्हरपूलहून आलेल्या केळकरांना बंगळुरूत अध्यापनाची जागा मिळाली, ती जमशेटजी टाटांची देणगी, म्हैसूर संस्थानची जमीन आणि सरकारी अनुदान यांतून उभ्या राहिलेल्या संस्थेत. विद्वान परदेशातून देशप्रेमाने परत येतो ही समजूत गोड आहे. नोकरीचे पत्र असले म्हणजे ते प्रेम टिकते, असे या तिघांच्या चरित्रक्रमावरून तरी दिसते.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे आणि तो टाळता येत नाही. या साखळीत एकही स्त्री नाही. राजारामन बंगळुरूला शिकत होते त्याच सुमारास राजेश्वरी चॅटर्जी मिशिगनहून डॉक्टरेट घेऊन तेथे अध्यापन करू लागल्या होत्या. विद्युत संचार विभागात सूक्ष्मलहरींवर त्यांनी दीर्घकाळ संशोधन केले. म्हणजे स्त्रिया नव्हत्याच असे नाही. पण मुरंब्याहून नागपूरला जी वाट एका मुलासाठी १९६० मध्ये खुली झाली, ती त्याच गावच्या मुलीसाठी खुली झाली असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. सार्वजनिक संस्था म्हटले की सर्वांसाठी दार उघडते, असा भाबडेपणा या धाग्यालाही परवडणारा नाही.

दोन टोके जुळतात कुठे? १९८७ मध्ये. भारताने स्वतःचा समांतर महासंगणक उभारावा की नाही, याचा विचार पंतप्रधानांच्या वैज्ञानिक सल्लागार परिषदेच्या वतीने एका समितीने केला. त्या समितीचे अध्यक्ष राजारामन होते आणि ‘सी-डॅक’ची शिफारस त्यांच्या समितीची आहे. केळकरांच्या कानपुरात रुजू झालेल्या प्राध्यापकाने कल्पनेला शास्त्रीय आधार दिला आणि नागपूरच्या प्रादेशिक महाविद्यालयातून निघालेल्या अभियंत्याने ती पुण्यात, विद्यापीठाच्या गणेशखिंड परिसरात, प्रत्यक्षात आणली. शिवाय हा एकच प्रयत्न नव्हता. बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत ‘फ्लोसॉल्व्हर’ ‘परम’च्या आधीच चालू झाला होता, भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘अनुपम’ ‘परम’च्याच सुमारास उभा राहिला. एकाच दशकात देशात चार-पाच ठिकाणी हेच काम जमू लागले असेल, तर त्याचे कारण एका व्यक्तीच्या प्रतिभेत शोधणे हा इतिहासाचा अभ्यास नव्हे, पूजा आहे.

आणि पूजेचा तोटा कोणाला होतो, ते मोर्शीतून पाहिल्यास स्पष्ट दिसते. चित्राचा उपदेश ‘परिस्थितीला दोष देऊ नका’ हा आहे. परिस्थिती म्हणजे काय? महाविद्यालय, अध्यापक, प्रयोगशाळा, वसतिगृह, शिष्यवृत्ती. त्यांना दोष द्यायचा नाही, म्हणजे त्यांची मागणीही करायची नाही. १९५६ आणि १९६० मध्ये सरकारने जे केले त्याचे श्रेय एका मुलाच्या जिद्दीला देऊन टाकले, की आजच्या सरकारने काय करायला हवे हा प्रश्नच उरत नाही. मग मोर्शीच्या मुलाचे अपयश त्याचे एकट्याचे ठरते.

अमरावती विभागाचा पुढचा इतिहास या दृष्टीने वाचावा. अमरावतीला १९५५ मध्ये शासकीय तंत्रनिकेतन आले, १९६४ मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आले. येथवर जुनेच धोरण होते. मग १९८३ उजाडले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी बडनेऱ्याला आणि शेगावला महाविद्यालये निघाली. अमरावती विद्यापीठाची स्थापनाही १९८३ चीच. जागा वाढल्या, हे निर्विवाद. ज्यांना नागपूर-पुणे परवडले नसते अशा कितीतरी मुलांना पदवी घराजवळ मिळाली, हेही खरे. या संस्थांनी आपल्या परीने काम केले आहे. पण शुल्कावर चालणाऱ्या महाविद्यालयाचे गणितच वेगळे असते. शुल्कातून पगार निघतो, इमारत निघते. वीस वर्षे एकाच प्रश्नामागे लागलेला संशोधन-विभाग त्यातून निघत नाही. कानपूरचा विभाग १९६३ ते १९८७ अशी चोवीस वर्षे शिजला, तेव्हा कुठे त्यातला माणूस महासंगणकाच्या समितीचा अध्यक्ष झाला. विद्यापीठ आणि महाविद्यालये ज्या वर्षी आली, त्याच वर्षापासून शासनाने तंत्रशिक्षणाच्या खर्चातून अंग काढायला सुरुवात केली. या योगायोगाची चर्चा वऱ्हाडात व्हायला हवी होती. तिच्या जागी आपण चित्र फिरवतो.

केळकरांच्या कानपुरातून पुण्याला आलेला आणखी एक धागा सांगितल्याशिवाय हे पुरे होणार नाही, कारण तो वाचकांच्या बोटांखाली आहे. कानपूरच्या विद्युत अभियांत्रिकी विभागात आर. एम. के. सिन्हा यांनी १९७३ मध्ये डॉक्टरेट मिळवली. विषय होता यंत्राने देवनागरी अक्षरे ओळखणे. विजेच्या विभागात देवनागरी कशाला, असे आजही एखादा विचारील. तेथेच त्या कामातून भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे तंत्र तयार झाले. मोहन तांबे त्यात प्रमुख होते. १९८८ मध्ये ‘सी-डॅक’ स्थापन होताच हे ‘जिस्ट’ तंत्र तांब्यांसह पुण्यात आले. ‘परम’च्या गाजावाजात ते झाकले गेले, पण सामान्य मराठी माणसाच्या आयुष्यात महासंगणकापेक्षा तेच अधिक शिरले.

अडचण काय होती, ते मोर्शीच्या नावावरूनच कळते. कागदावर ‘मोर्शी’ लिहिताना आपण रफार सर्वांत शेवटी, ‘शी’च्या डोक्यावर देतो. बोलताना मात्र ‘र’ आधी येतो, ‘श’ नंतर. यंत्राने कोणता क्रम लक्षात ठेवायचा? दिसण्याचा की उच्चाराचा? उच्चाराचा, असे ठरले. म्हणून त्या संकेतपद्धतीत या गावाचे नाव सहा खुणांनी साठवले जाते : म, ओकाराची मात्रा, र, हलन्त, श, दीर्घ ईकार. ‘र’ला उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर नेऊन ठेवण्याचे काम यंत्राने करायचे. तो नियम १९९१ च्या भारतीय मानकात आला, युनिकोडनेही देवनागरीसाठी तोच क्रम ठेवला, आणि भटकरांच्या चित्राखालचा मजकूर मोर्शीच्या गटावर कोणी टंकतो तेव्हा प्रत्येक रफारापाशी तोच नियम चालतो.